प्रात्यक्षिकात एखाद्या मुलाला काही झालं तर?

“नव्या अभ्यासक्रमात सगळं मुलांच्या हातून करून घ्यायचं म्हणतात. घेऊ की करून. पण उद्या एखाद्या पोराला काही झालं, तर धरणार कोणाला? मलाच ना?”

तंत्रज्ञान, कार्यानुभव, व्यवसाय शिक्षण शिकवणारे शिक्षक हा प्रश्न मला सतत विचारतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं, त्यावर बेतलेला शालेय शिक्षणाचा अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला आणि हाताने काम करणं हा सगळ्याच मुलांच्या शिक्षणाचा भाग ठरला. हा बदल मला मनापासून पटतो. पण गणिताच्या तासाला फार तर गणित चुकतं. या मंडळींच्या तासाला करवत असते, सोल्डरिंगचा धूर असतो, विस्तव असतो आणि खायचे पदार्थ असतात. त्यांच्या पोटात गोळा येतो त्यावर मी पाहिलेल्या प्रशिक्षणांत कोणी बोललं नाही. म्हणून एका बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बाई एका तालुक्याच्या गावात आठवी ते दहावीला ‘मूलभूत तंत्रज्ञान’ शिकवतात. या विषयाचं मूळ पाबळच्या विज्ञान आश्रमात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो आश्रम सुरू केला, तो काम करता करता शिकता यावं म्हणूनच. विषयाचे चार विभाग असतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, रोपं लावतात आणि गृह-आरोग्याच्या दिवशी चिक्की नाहीतर नानकटाई करून, खर्च काढून विकतात.

बाईंच्या वर्गाची चिक्की गावात नावाजलेली. गुळाचा पाक वाटीभर पाण्यात टाकायचा, त्याची टणक गोळी झाली पाहिजे, ताटलीत टाकली की वाजली पाहिजे, मगच दाणे घालायचे. गोळी वाजते का ते ऐकायला सगळा वर्ग गप्प उभा असायचा.

आठवीतल्या एका मुलाच्या आईने वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं, याला दाणे सोसत नाहीत, अंगावर पित्त उठतं. बाईंनी ते ध्यानात ठेवलं. त्याच्यासाठी वेगळ्या कढईत तिळाची चिक्की केली, त्याला दाण्यांना हातही लावू दिला नाही. लाटताना मात्र पोळपाट-लाटणं तेच होतं. आधी दाण्याची चिक्की लाटलेलं आणि फडक्याने पुसून घेतलेलं.

मुलाने तुकडा खाल्ला. थोड्याच वेळात तो सारखा घसा खाकरायला लागला. मग मानेवर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली. कोणी कोकमाचं पाणी आणायला धावलं, कोणी पित्तावरची गोळी दिली. शेवटी दोघा शिक्षकांनी त्याला मोटारसायकलवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी मुलगा घरी गेला.

बाई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा पर्समध्ये राजीनाम्याचा कागद होता. वर्गात कोणी नुसतं खाकरलं तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. रात्री दोन-अडीचला जाग यायची. गृह-आरोग्याचा दिवस त्या फळ्यावरच उरकत होत्या. चिक्कीची कृती लिहून द्यायची, मुलांनी वहीत उतरवायची, संपलं. दुपारी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर “सगळी मुलं ठीक आहेत ना?” असा मेसेज टाकल्याशिवाय त्यांना जेवण जात नव्हतं.

त्यातच प्रशिक्षण झालं. एनसीईआरटीच्या सहावीच्या नव्या पुस्तकात ‘कुकिंग विदाउट फायर’ नावाचा प्रकल्प आहे, तो तिथे नमुना म्हणून दाखवला. बाकीच्यांना हायसं वाटलं, विस्तव नाही म्हणून. बाईंना मात्र भेळ दिसली आणि भेळेतले दाणे दिसले. शिवाय आता सहावीची मुलं, म्हणजे आणखी लहान. विषयाचं नाव काय होणार, मानधनाचं काय, आपण लागणार की नाही, हेही प्रश्न होतेच. दोन वेगळ्या भीती एकमेकींत अडकल्या होत्या आणि बाई दोन्हींना मिळून एकच उत्तर देत होत्या: “मला हे जमायचं नाही.”

पहिलं काम मी केलं ते या दोन भीती वेगळ्या करण्याचं. विषयाचं आणि मानधनाचं काय होणार हे बाईंच्या हातात नव्हतं. त्याची माहिती कोणाकडे मिळेल आणि कधी विचारायची, एवढं लिहून तो कागद बाजूला ठेवला. प्रात्यक्षिकाची भीती बरीचशी हातातली होती. तिच्याकडे नीट बघितलं.

“तुमची काही चूक नाही” असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं, मुलाच्या आईनेसुद्धा. ते त्यांच्या मनात उतरत नव्हतं आणि मला त्याचं नवल वाटलं नाही. लाटणं त्यांच्याच हातात होतं हे त्यांना माहीत होतं. धीराचे शब्द अशा वेळी खोटे वाटतात. म्हणून मी त्यांना कागदावर एक भाकरी काढायला सांगितली आणि म्हटलं, झाल्या प्रसंगाला जे जे कारण झालं त्याचे तुकडे पाडा, स्वतःचा तुकडा सगळ्यात शेवटी. शाळेच्या अर्जात ऍलर्जीचा रकानाच नव्हता. मुलाची तपासणी कधी झालेली नव्हती. साधं पित्त आणि जिवावरची रिअ‍ॅक्शन यांतला फरक शाळेत कोणालाही माहीत नव्हता. गाडी कोणती बोलवायची हे ठरलेलं नव्हतं. एकाच खोलीत चाळीस मुलांना एक लाटणं होतं. हे सगळं मांडून झाल्यावर बाईंच्या वाट्याला उरला तो एक तुकडा: भांडी वेगळी करावी लागतात हे ठाऊक नसणं. त्या बराच वेळ त्या कागदाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “एवढं तर मी शिकू शकते.”

माझं या प्रश्नावरचं म्हणणं एवढंच आहे. शिक्षकाची भीती कमी करायची असेल तर त्याच्या एकट्याच्या डोक्यावरची जबाबदारी शाळेत वाटून द्यावी लागते, आणि ती कागदावर वाटून द्यावी लागते. श्वासाचे व्यायाम मी शिकवले, त्यांचा उपयोग झाला. पण योजना नसलेल्या शाळेत नुसते श्वासाचे व्यायाम शिकवून माणसाला परत पाठवणं मला योग्य वाटत नाही.

बाईंच्या संमतीने मी मुख्याध्यापकांना भेटले. सरांना आधी वाटलं, उपाय सोपा आहे, शाळेत दाणे बंद. मला ते पटत नाही. आपल्याकडे डब्यातल्या भाजीत कूट असतं, खिचडीत असतं, कोशिंबिरीत असतं, आणि घाण्याच्या तेलातही शेंगदाण्याचा अंश असतो. सगळ्या शाळेत बंदी घातली की सगळे निर्धास्त होतात आणि लक्ष उडतं. मात्र जिथे मुलं हातांनी पदार्थ करतात, त्या एका खोलीत त्या तुकडीपुरता दाणा येऊच नये हे शक्य आहे. आणि त्या मुलासाठी वेगळं करण्यापेक्षा सगळ्यांनीच असा पदार्थ करावा जो सगळ्यांना खाता येईल. भांडी साबणाने घासायची, ओटा साबणाच्या पाण्याने धुवायचा, हात साबणानेच धुवायचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, पण हाताला लागलेलं शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही. भाजल्याने किंवा तळल्यानेही ते निकामी होत नाही.

प्रवेशाच्या अर्जात बदल केला. “ऍलर्जी आहे का?” असं विचारलं की बहुतेक घरांतून “नाही” येतं. म्हणून असं विचारलं: काही खाल्ल्यावर, काही हुंगल्यावर किंवा कशाला हात लागल्यावर अंगावर पित्त किंवा गांधी उठतात का, ओठ सुजतात का, धाप लागते का? उत्तरं आली तेव्हा कळलं की प्रश्न एका मुलाचा नव्हता. एका मुलीला रबरी हातमोजे घातले की हात लाल व्हायचे. दम्याच्या एका मुलाला सोल्डरिंगच्या वेळी खोकल्याची उबळ यायची, कारण सोल्डरच्या फ्लक्समध्ये राळ असते आणि तिचा धूर दम्याला चाळवतो. एकाला सिमेंटने हातांना चिरा पडायच्या. बाई म्हणाल्या, “म्हणजे मी फक्त स्वयंपाकाला घाबरत होते.” पण या वेळी आवाजात घाबरणं नव्हतं, कामाला लागलेल्या माणसाचा आवाज होता.

रिअ‍ॅक्शन आली तर काय करायचं, हे ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी शाळेत येऊन सांगितलं. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई आणि शिपाईमामाही त्या बैठकीला होते, हे फार चांगलं झालं. नुसत्या गांधी उठल्या तर गोळी चालते. पण त्यासोबत आवाज घोगरा झाला, धाप लागली, घसा आवळला, सारख्या उलट्या झाल्या किंवा चक्कर आली, तर तो ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ऍलर्जीची जिवावरची रिअ‍ॅक्शन, समजायचा. त्यावरचं पहिलं औषध अ‍ॅड्रिनॅलिन, तेही मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. गोळीने ही रिअ‍ॅक्शन थांबत नाही आणि गोळीचा गुण येण्याची वाट बघण्यात वेळ जातो. मुलाला आडवं करायचं, पाय वर ठेवायचे. श्वासाला फारच त्रास होत असेल तर टेकून बसू द्यायचं. उभं करायचं नाही, चालवायचं नाही. अचानक उभं केल्याने रक्तदाब कोसळू शकतो. मोटारसायकलवर मधे बसवून नेणं म्हणूनच धोक्याचं होतं. १०८ ला फोन करताना ‘ऍलर्जीची तीव्र रिअ‍ॅक्शन, श्वासाला त्रास’ असं स्पष्ट सांगायचं.

परदेशात मुलं पेनासारखं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शन दप्तरात ठेवतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. पण लसीकरणाच्या ठिकाणी तीव्र रिअ‍ॅक्शनसाठी जी पेटी ठेवलेली असते तिच्यात हेच औषध असतं. ते जवळात जवळ कुठे आणि किती वाजेपर्यंत मिळेल, हे आधी विचारून ठेवता येतं. सरांनी ते विचारून, फोन नंबरांसह तक्ता करून प्रयोगशाळेच्या दारावर लावला. कोण फोन करणार, कोण मुलाजवळ थांबणार, कोण बाकीच्या मुलांना बाहेर नेणार, हे नावानिशी लिहिलं. बाईंचं नाव ‘मुलाजवळ थांबणार’ यापुढे आहे. फक्त तिथेच.

मुलाशी मी वेगळी बोलले. त्याचं दुःख निराळंच होतं. प्रात्यक्षिकाला त्याला व्हरांड्यात बसवायला लागले होते, काळजीपोटीच. मधल्या सुट्टीत मुलं “याच्याजवळ नको, हा मरेल” म्हणून डबे उचलून लांब जायची. घरी आजी म्हणत होती, रोज एक-एक दाणा दे, सवय होईल. आजीचा हेतू चांगला होता, पण असे प्रयोग घरी करायचे नसतात हे तिला डॉक्टरांच्याच तोंडून ऐकवावं लागलं. पुण्यात तज्ज्ञांकडे तपासणी झाल्यावर कळलं की मुलाला शेंगदाणाच तेवढा वर्ज्य आहे, तीळ चालतो. तोपर्यंत घरात त्याचा तीळही बंद झालेला होता. संक्रांतीलासुद्धा.

बाईंचं परत उभं राहणं पायरी-पायरीने झालं. आधी प्रयोगशाळेत एकटीने जाऊन भांडी लावणं. मग मुलांकडून लिंबू सरबत. मग राजगिऱ्याचे लाडू. प्रत्येक वेळी भीती किती वाटली ते त्या आकड्यात लिहायच्या, तासाच्या आधी आणि नंतर. पालकांच्या गटावरचा दुपारचा मेसेज हळूहळू बंद केला, तो सगळ्यात अवघड गेला. मेसेज टाकला की घटकाभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी तीच भीती परत दारात उभी राहते. अशा धीराची सवय लागते.

पुढे बाईंनी आपल्या अभ्यासक्रमातच एक भर घातली. पाकिटांवरची लेबलं मुलांकडून वाचून घ्यायला लागल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे पाकिटावर शेंगदाणे, दूध, अंडी, मासे, सोयाबीन, ग्लूटेन असलेली धान्यं वगैरे असल्यास तसं लिहावं लागतं. तिळाचा त्या यादीत समावेश नाही, हे मुलांनीच शोधून काढलं. सुट्या मालावर तर काहीच लिहिलेलं नसतं. म्हणून त्यांची तुकडी आता जे काही विकते त्यावर हाताने लिहिलेली चिठ्ठी असते: आत काय काय आहे, आणि त्याच भांड्यात आधी काय केलं होतं. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम त्या मुलाकडे आहे. अक्षर बरं नाही, पण चिठ्ठी चुकत नाही.

भीती अजून पूर्ण गेलेली नाही. चिक्कीच्या आदल्या रात्री बाईंना झोप कमी लागते. ज्या शिक्षकांची झोप आणि जेवण आठवड्यांमागून आठवडे बिघडलेलं आहे, त्यांनी एकट्याने ओढत बसू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं आणि फोन मोफत आहे. बाईंचा राजीनामा त्यांनी अजून फाडलेला नाही, मीही आग्रह धरला नाही. सध्या त्या नव्या प्रशिक्षणात एक तास ऍलर्जीसाठी मिळावा म्हणून अर्ज तयार करत आहेत. मसुदा माझ्याकडे वाचायला आला आहे. त्यात दारावरच्या तक्त्याची प्रत जोडायची राहिली आहे, ती जोडून सोमवारी तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जाईल.