छाट

'परिस्थितीच तशी आहे, नुसतं बोलून काय होणार?' सोलापुरात समुपदेशन करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. त्यासाठी एका अक्कांबद्दल सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

अक्का विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, चाळिशीच्या, घरी विड्या वळणाऱ्या. घरात तेलुगू, मराठी व्यवहारापुरती. झोप उडालेली, छातीत धडधड, आणि तोंडी एकच वाक्य : 'माझ्या हातालाच काहीतरी झालंय.' मी शिकले होते तसा श्वासाचा सराव दिला, मनात येणारे विचार वहीत टिपायला सांगितले. पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, 'मॅडम, डोळे मिटून बसले की तेवढ्या विड्या कमी होतात. हजार भरायच्या असतात.'

मग मी दिवस कसा जातो ते विचारलं. पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं. विडीचं तेंदूपान भिजवायचं, कापायचं, मांडीवर सूप घेऊन रात्रीपर्यंत वळायचं. सकाळी कारखान्यात माल द्यायला रांग. तिथं खराब म्हणून मूठमूठ विड्या बाजूला काढतात, त्या छाटीची मजुरी नाही. पान वाईट निघालं तर पदरचे पैसे घालून आणायचं. धडधड सुरू व्हायची ती नेमकी त्या रांगेत. इतके आठवडे मी त्यांच्या विचारांत चूक शोधत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

१९६६ च्या विडी कामगार कायद्याखालच्या नियमांत तेव्हा छाटीला मर्यादा होती : सर्वसाधारणपणे शेकड्यात मोजक्याच विड्या. हे सांगितल्यावर अक्का बोटांवर हिशेब करत राहिल्या. 'माझ्या तर शंभरच्या वर काढतात.'

बोललं तर कारखान्यातून पान मिळणं, म्हणजे कामच, बंद होईल, ही त्यांची भीती खरी होती. मी आग्रह धरला नाही. विचारांच्या वहीत त्या रोजची छाट लिहू लागल्या, पुढे शेजारणींचीही. श्वासाचा सराव रांगेत उभ्या उभ्या करायचा ठरला.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात जात, वर्ग, धर्म असा भेद न होता सेवा मिळण्याचा हक्क आहे. मी मात्र माल देण्याच्या वेळेलाच भेट ठेवत होते. ती दुपारवर नेली, तेलुगू येणाऱ्या सहकारी बाईंना सोबत घेतलं. त्या दिवशी अक्का पहिल्यांदा अर्धा तास सलग बोलल्या.

तीन महिन्यांनी सहाजणी वह्या घेऊन युनियनच्या कार्यालयात गेल्या. मजुरी वाढली नाही. धडधड अजून अधूनमधून होते. पण 'आज साठ काढल्या, त्यातल्या वीस खरंच वाईट होत्या,' असं अक्का आता स्वतःहून सांगतात.