पायथन प्रोग्रामला जास्तीच्या कमांड पुरवणाऱ्या एका प्लगइन फाइलमध्ये अनेक फंक्शन्स ठेवली तर लोडरने, म्हणजे त्या फाइली उचलणाऱ्या कोडने, ती ओळखायची कशी?

तुमची सध्याची रचना मला समजली ती अशी: प्लगइन्सच्या फोल्डरमधल्या प्रत्येक फाइलीत 'रन' नावाचं एकच फंक्शन, लोडर फाइल इम्पोर्ट करतो आणि ते चालवतो. आता तारखांच्या पाच-सहा कमांड झाल्या, म्हणून पाच-सहा फाइली झाल्या आणि तारीख तपासायचा तोच कोड सगळ्यांत चिकटवलेला.

खुशाल एका फाइलीत आणा. 'एक फाइल, एक रन' ही अट पायथनची नाही, तुमच्याच लोडरने घातलेली आहे. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाच्या एका कॉनफटेस्ट (सेटिंगच्या) फाइलीत हवे तितके हुक, म्हणजे पायटेस्ट ठरलेल्या वेळी बोलावतं ती फंक्शन्स, लिहिता येतात. नावाची सुरुवात ठरलेली असते, तेवढ्यावरून ते ओळखले जातात.

ओळखायच्या पद्धतीतच खरी गोम आहे. बरेच जण पायथनच्या इन्स्पेक्ट मॉड्यूलचं (मॉड्यूल म्हणजे इम्पोर्ट करता येणारी कोडची फाइल) 'गेटमेंबर्स' वापरून फाइलीतली सगळी फंक्शन्स उचलतात. मग प्लगइनने दुसरीकडून इम्पोर्ट केलेलं मदतनीस फंक्शनही कमांड म्हणून यादीत येतं. शिवाय गेटमेंबर्स नावांच्या क्रमाने लावून देतं, तुम्ही लिहिलेल्या क्रमाने नाही.

मी डेकोरेटर, म्हणजे फंक्शनच्या वर '@' लावून लिहायचं आणि त्या फंक्शनवर काम करणारं दुसरं फंक्शन, वापरतो, पण कमांडच्या यादीत नोंदणी करणारा नव्हे, फक्त खूण करणारा. पायथनमध्ये फंक्शनवर ॲट्रिब्यूट, म्हणजे त्याला चिकटलेली नावासहित माहिती, ठेवता येतं. डेकोरेटरने कमांडचं नाव आणि मदतीचा मजकूर त्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावा आणि तेच फंक्शन जसंच्या तसं परत द्यावं. लोडरने मॉड्यूलची डिक्शनरी (त्यातली सगळी नावं आणि त्यांच्या किमती) 'व्हार्स' या फंक्शनने मिळवून, ती फिरून खूण असलेली फंक्शन्स गोळा करावीत. डिक्शनरी पायथन ३.७ पासून क्रम पाळते, त्यामुळे मेनूत कमांड फाइलीतल्याच क्रमाने दिसतात. एक तपासणी मात्र सोडू नका: फंक्शनचं 'डबल अंडरस्कोअर मॉड्यूल' हे ॲट्रिब्यूट त्याच मॉड्यूलच्या नावाशी जुळलं पाहिजे. नाहीतर एका प्लगइनने दुसऱ्याची कमांड इम्पोर्ट केली की ती दोनदा नोंदली जाते.

इम्पोर्ट होता होताच जागतिक यादीत भर घालणारा डेकोरेटर दिसायला सुटसुटीत असतो, पण टेस्ट लिहायला बसलात की डोकं उठवतो. नुसती फाइल इम्पोर्ट केली तरी यादी बदलते, आणि रीलोड केलं की त्याच कमांड पुन्हा जमा होतात.

खूण करण्याच्या पद्धतीतही एक सापळा आहे. खूण करणाऱ्या डेकोरेटरच्या वर कुणी दुसरा, म्हणजे वेळ मोजणारा वगैरे, डेकोरेटर लावला आणि त्यात फंक्टूल्स मॉड्यूलचं 'रॅप्स' (मूळ फंक्शनची माहिती नव्या फंक्शनवर उतरवणारं) वापरलं नाही, तर खूण आतल्या फंक्शनवरच राहते. कमांड गायब, एरर नाही, काही नाही. रॅप्स मॉड्यूलचं नावही उचलतं आणि ॲट्रिब्यूट्सही, म्हणून ते लावायलाच हवं.

रीलोडबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण अनेक फंक्शन्स एका फाइलीत आली की हा त्रास वाढतो. 'इम्पोर्टलिब'चं रीलोड (आधी इम्पोर्ट केलेली फाइल पुन्हा चालवणं) मॉड्यूलची जुनी डिक्शनरी फेकत नाही, तिच्यातच नव्याने लिहितं. फाइलीतून एखादं फंक्शन काढून टाकलंत तरी त्याचं जुनं नाव तिथेच राहतं, खुणेसकट. लोडर ते आनंदाने पुन्हा उचलतो! त्यामुळे 'सिस डॉट मॉड्यूल्स'मधून, म्हणजे इम्पोर्ट झालेल्या मॉड्यूल्सच्या यादीतून, नोंद काढून ताजं इम्पोर्ट करणं मला बरं वाटतं. फार घाईचं नसेल तर प्रोग्रामच पुन्हा सुरू करा.

एकत्र ठेवण्याची खरी किंमत वेगळीच आहे. फाइलीत एक सिंटॅक्स एरर किंवा एखादी लायब्ररी बसवलेली नसली, की त्या फाइलीतल्या सगळ्या कमांड एकदम जातात. प्रत्येक फाइलीचं इम्पोर्ट वेगळ्या ट्राय-एक्सेप्टमध्ये (एरर आली तरी प्रोग्राम पुढे चालू ठेवणारी रचना) ठेवा आणि पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून आली त्याचा माग, लॉगमध्ये जाऊ द्या. वाटणीही यावरूनच ठरवा: ज्या फंक्शन्सना तीच लायब्ररी, तीच सेटिंग्ज लागतात ती एका फाइलीत. तुमच्या तारखांच्या कमांड या कसोटीला उतरतात. पीडीएफ बनवणारी कमांड त्यांच्यात ढकलू नका.

कमांडची नावं मॉड्यूलच्या नावासकट साठवली तर दोन फाइलींत एकच नाव आलं तरी भांडण नाही. आणि प्लगइन फोल्डर सिस पाथच्या (पायथन मॉड्यूल जिथे शोधतो त्या फोल्डरांच्या यादीच्या) सुरुवातीला घालत असाल तर फाइलीचं नाव 'जेसन' किंवा 'कॅलेंडर' ठेवू नका, तुमची फाइल स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलच्या आड येईल.

जुन्या फाइली लगेच बदलायची गरज नाही. मॉड्यूलमध्ये एकही खूण सापडली नाही आणि 'रन' असेल, तर फाइलीच्या नावाने तेच नोंदवा. लोडरमध्ये दोन-तीन ओळी वाढतील, बाकीच्या फाइली हात लागेल तेव्हा बदला.