‘पॉश’ची गोष्ट छापायला देण्याआधी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. ‘पॉश’ या शब्दावरचं तुझं टिपण वाचलं. ओघवतं झालंय, पण एवढ्यात छापायला देऊ नकोस.

तू लिहितेस, साहेबाच्या काळी पी अँड ओ कंपनीच्या बोटीवर मुंबईला येताना डावीकडची, म्हणजे पोर्ट बाजूची खोली सावलीत असे आणि परतताना उजवीकडची, स्टारबोर्डची. तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात बडी मंडळी जादा पैसे मोजून त्या खोल्या घेत आणि त्यांच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना पोर्ट, घरी परतताना स्टारबोर्ड) याची POSH ही आद्याक्षरं मारत. ऐकायला झकास! पण तसं एकही तिकीट आजवर कुणाला दाखवता आलेलं नाही.

आता 1918 मधलं ‘पंच’ या ब्रिटिश विनोदी साप्ताहिकातलं व्यंगचित्र बघ. तरुण अधिकारी आईला सांगतोय, आमचा वेळ अगदी ‘पॉश’ गेला. आई विचारते, म्हणजे रे काय? तो म्हणतो, ठाऊक नाही तुला? ‘स्विश’ (झोकदार) म्हणतात ना, तेच! बोटीचं नावसुद्धा नाही. आद्याक्षरांची गोष्ट छापील मजकुरात दिसू लागते ती 1930 च्या दशकात. शब्द रुळला, मग त्याला कुणीतरी बारसं शोधून दिलं.

त्याआधी, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गल्लीबोळांत ‘पॉश’ म्हणजे चिल्लर. रोमानी, म्हणजे युरोपातल्या रोमा (जिप्सी) लोकांच्या भाषेत पॉश म्हणजे अर्धा, त्यावरून अर्धी पेनी. पुढे छानछोकीत राहणाऱ्यालाही पॉश म्हणू लागले. यातूनच आजचा अर्थ आला असं छातीठोकपणे कुठलाही कोश म्हणत नाही, तूही म्हणू नकोस. मात्र रोमानी ही आपल्या हिंदी-मराठीच्याच कुळातली, हे जरूर लिही. मला तर बोटीपेक्षा हा धागा जास्त आवडतो.

आणखी एक. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत पहिल्या महायुद्धाआधी अगदी विरळा होती. त्यामुळे जुन्या शब्दाची अशी फोड कुणी व्हॉट्सॲपवर पाठवली की आधी संशय घे. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ या चार दिशा, ही त्यातलीच थाप. तो ‘न्यू’ या विशेषणाचा अनेकवचनी अवतार आहे, बस्स.

बोटीची गोष्ट काढून टाकू नकोस, वाचकाला तिनेच आत ओढ. फक्त ती दंतकथा आहे हे दुसऱ्याच परिच्छेदात सांग. सुधारलेला खर्डा गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
काका