इंग्लिश पबमधलं प्लाउमन्स लंच, म्हणजे ब्रेड-चीज-पिकलचं थंड ताट, घरी करायचं तर ताटात नक्की काय काय लागतं?

गॅस पेटवायचाच नाहीये, त्यामुळे सगळी मदार सामानावर. चेडर चांगलं जुनं, मॅच्युअर घ्या, स्लाइसवालं प्रोसेस्ड चीज अजिबात नको, आणि जेवायच्या तासभर आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा कारण गारढोण चीजला चवच लागत नाही. किसायचं नाही, पातळ कापायचं नाही, सरळ जाडजूड तुकडा ठेवायचा. सोबत कडक सालीचा ब्रेड, भरपूर बटर, आंबट सफरचंदाच्या फोडी, सेलरी (कुरकुरीत देठांची पालेभाजी) मिळाली तर तीही.

खरी मजा पिकलची. तिकडे ब्रॅन्स्टन पिकल वापरतात, १९२२ पासून मिळतंय, गाजर-फ्लॉवर वगैरेचे बारीक तुकडे काळपट आंबटगोड रसात असतात, तेल नाही की मोहरी-हिंगाची फोडणी नाही, त्यामुळे आपलं कैरीचं लोणचं त्याजागी वाढू नका, चीज बिचारं गायबच होईल. गोड चटणी एकवेळ चालेल. छोटे कांदे मात्र घरी करा: सोलून रात्रभर मिठात, सकाळी धुवून कोरडे करून माल्ट व्हिनेगरमध्ये, मग निदान दोनतीन आठवडे बरणीला हात लावू नका.

हॅम, पोर्क पाय (डुकराचं मांस भरलेली पेस्ट्री) ऐच्छिक, व्हेज लोकांचं काही अडत नाही. प्यायला एल (बिअरचाच एक प्रकार) किंवा सायडर (सफरचंदाची दारू).

बाकी ब्रेड-चीज-बिअर हे जुनंच खाणं, पण 'प्लाउमन्स लंच' या नावाने ते पबमध्ये खपवलं चीजवाल्यांच्या जाहिरातींनी, १९५४ ला तिकडचं महायुद्धात सुरू झालेलं रेशनिंग संपल्यावर. त्यामुळे अस्सल-नकलीचा फार घोळ घालू नका.