‘माहिती सामायिक करणे’ आणि गस्तीची सामाईक नोंद

अमेरिकी लष्कराच्या ‘टॅक्टिकल ग्राउंड रिपोर्टिंग’ या प्रणालीवरील मजकूर मराठीत आणताना एका वाचकाने तिचे नाव ‘सामरिक भू-अहवाल प्रणाली’ असे केले आहे आणि पुढे ‘गस्तप्रमुख आपसांत माहिती सामायिक करतात’ असे वाक्य लिहिले आहे. दोन्ही ठिकाणी वाचताना अडखळायला होते, तर कोणते शब्द वापरावेत, असा त्यांचा प्रश्न आहे. अडखळण्याची कारणे दोन्हीकडे वेगळी आहेत आणि ती समजण्यासाठी ही प्रणाली कशासाठी निर्माण झाली, हे आधी पाहावे लागते.

इराकमध्ये रोज गस्तीवर जाणाऱ्या लहान तुकड्यांचे प्रमुख परत आले की लेखी अहवाल देत. तो ‘कंपनी’ या लष्करी तुकडीकडून तिच्याहून मोठ्या बटालियनकडे आणि तेथून आणखी वर जाई. वर बसलेल्यांना त्यातून एकंदर चित्र दिसे. पण दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने जाणाऱ्या शेजारच्या तुकडीच्या हाती त्यातले फारसे काही लागत नसे. कोणत्या वळणावर माती नव्याने उकरलेली दिसली, कोणत्या गल्लीतली दुकाने अचानक बंद होती, कोणत्या घरच्या वडीलधाऱ्या माणसाशी काय बोलणे झाले, हे त्या प्रमुखाच्या डोक्यात राही आणि त्याची तुकडी मायदेशी परतली की त्याच्याबरोबरच निघून जाई. ही तूट भरून काढण्यासाठी अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधनसंस्थेने ही प्रणाली विकसित केली आणि 2007 मध्ये ती इराकमध्ये वापरात आली. इंग्रजी नावाच्या ‘TIGR’ या संक्षेपामुळे सैनिक तिला ‘टायगर’ म्हणू लागले. निघण्यापूर्वी प्रमुखाने नकाशावर आपला मार्ग पाहायचा, त्या मार्गावर आधी कोण गेले, त्यांना काय आढळले, हे छायाचित्रांसह वाचायचे आणि परतल्यावर आपली भर त्याच नकाशावर घालायची, अशी तिची रीत आहे. तळांमधील जोडण्या मंद आणि बेभरवशाच्या असल्यामुळे नोंदींच्या प्रती ठिकठिकाणच्या संगणकांवर ठेवल्या जात.

आता ‘अहवाल’ या शब्दाकडे वळू. तो मूळचा अरबी, ‘हाल’ म्हणजे स्थिती या शब्दाचे अनेकवचन. मराठीत ‘हाल’ला पुढे यातनांचा अर्थ चिकटला आणि ‘अहवाल’ कचेरीत स्थिरावला. तेथे त्याचे क्रियापद ठरून गेले आहे: अहवाल ‘सादर’ करतात, आणि सादर करायचे ते वरिष्ठांना, समितीला, शासनाला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला कोणी अहवाल सादर करत नाही. म्हणजे माहितीची दिशा या शब्दातच ठरलेली आहे आणि ती खालून वर जाणारी आहे. प्रणालीच्या इंग्रजी नावात ‘रिपोर्टिंग’ असले तरी तिचे खरे काम आडव्या दिशेचे आहे. त्यामुळे भाषांतरात ‘अहवाल’ आला, की जी उणीव दूर करण्यासाठी ही प्रणाली घडवली, तीच उणीव तिच्या नावात येऊन बसते.

आपल्याकडे ‘वर्दी’ हाही एक नेमका शब्द आहे. आगीची वर्दी मिळताच अग्निशमन दल निघते. घटना घडत असताना ताबडतोब दिलेली सूचना म्हणजे वर्दी. गोळीबार सुरू होताच गस्तीवरून वायरलेसने कळवतात ती वर्दीच. इतका तयार शब्द लष्करी भाषांतरांत क्वचितच दिसतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘बातमी’ मात्र जपून वापरावी. पोलिसांचा बातमीदार गुप्तपणे खबर देणारा असतो आणि वर्तमानपत्राचा बातमीदार ती छापणारा. गस्तीवरचा सैनिक या दोन्हींपैकी कोणीही नव्हे.

मुख्य अडचण ‘सामायिक करणे’ची आहे. इंग्रजी ‘शेअर’ आणि हिंदी ‘साझा करना’ यांच्या दबावाखाली हे क्रियापद गेल्या काही वर्षांत फार पसरले, आणि अनेकांचा त्यावरचा आक्षेप मला मान्य आहे. मराठीत ‘सामाईक’ हे मालकीचे विशेषण आहे: सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक बांध. विहीर सामाईक ‘असते’. तिच्यातली घागर कोणी शेजाऱ्याला दिली तर ती घागर ‘दिली’, सामाईक केली नव्हे. म्हणून छायाचित्र पाठवावे, बातमी कळवावी, अनुभव सांगावा, एखादी गोष्ट कोणाच्या कानावर घालावी. एका प्रमुखाने दुसऱ्याला काही सांगितले, एवढाच अर्थ असेल, तर वाचकाच्या वाक्यातही साधे ‘एकमेकांना कळवतात’ पुरेसे आहे.

परंतु या विशिष्ट प्रणालीच्या बाबतीत तोच शब्द विशेषण म्हणून चपखल बसतो, आणि माझे सगळे म्हणणे या मुद्द्यावर उभे आहे. ‘टायगर’मध्ये एक प्रमुख दुसऱ्याला काही पाठवत नाही. तो नोंद नकाशावर ठेवतो आणि ज्याला त्या रस्त्याने जायचे आहे तो आपल्या गरजेपुरती उचलतो. ठेवणारा बदलून गेला तरी नोंद जागच्या जागी राहते. विहिरीचे पाणी जसे कोणत्याही एका घरचे नसते, तशी ही नोंद कोणत्याही एका तुकडीची नसते. म्हणून ‘गस्तीची सामाईक नोंद’ असे मी सुचवतो. लेखनात ‘सामायिक’ हे रूपही रूढ आहे; तथापि जैन परंपरेत सामायिक हे 48 मिनिटांच्या समभावसाधनेचे नाव असल्याने या अर्थाने ‘सामाईक’ लिहिणे मला अधिक सोयीचे वाटते.

‘गस्त’ मात्र बिनधोक ठेवावी. फारसीतील हिंडणे-फिरणे या अर्थाच्या क्रियापदापासून ती आली आणि मराठीने तिला ‘घालणे’ हे क्रियापद दिले, जे आपण फेरी, प्रदक्षिणा आणि घिरट्या यांनाही देतो. पहारा ‘देतात’, तो एका जागी, प्रहरांच्या हिशेबाने. टेहळणी ‘करतात’, ती डोळ्यांनी, बुरुजावरूनही. गस्तीत पुन्हा पुन्हा त्याच भागात फिरून परत येणे अभिप्रेत आहे, आणि पुन्हा त्याच वाटेने जायचे असते म्हणूनच मागच्याची नोंद पुढच्याच्या कामी येते. लडाखच्या सीमेसंदर्भात मराठी वर्तमानपत्रांनी ‘गस्त बिंदू’ हा शब्द रुळवला आणि देपसांग-डेमचोकबाबतच्या ऑक्टोबर 2024 मधील भारत-चीन सहमतीच्या बातम्यांतही ‘गस्त’ हाच शब्द होता. याउलट गडचिरोलीत पोलिसांची नक्षलविरोधी सी-60 पथके जंगलात उतरतात, तेव्हा बहुधा ‘शोधमोहीम’ छापले जाते. तेथे ठरावीक उद्दिष्ट असते, म्हणून तोही भेद योग्य आहे.

‘सामरिक’ टाळावे. मराठी वाचक ‘सामरिक महत्त्व’ म्हटले, की बंदरे, खिंडी आणि देशांची धोरणे आठवतो. येथे विषय नऊ-दहा जणांच्या तुकडीचा आहे. ‘प्लाटून’साठी ‘पलटण’ही नको, कारण आपल्या सैन्यात पलटण म्हणजे बटालियन, आणि तीस-चाळीस जणांच्या जागी वाचकाला कित्येक शे माणसे दिसतील. प्रणालीचे नाव ‘टायगर’ तसेच ठेवून पहिल्या उल्लेखापाशी ‘गस्तीच्या सामाईक नोंदींची प्रणाली’ असा खुलासा द्यावा आणि अडलेले वाक्य असे करावे: ‘गस्तप्रमुख परतल्यावर आपल्या नोंदी सामाईक नकाशावर ठेवतात आणि पुढच्या गस्तीचे प्रमुख निघण्यापूर्वी त्या पाहून घेतात.’