ड्रेनेज लाइन सारखी तुंबते. कॅमेरा टाकून तपासण्याचा खरंच उपयोग होतो का?

दर दोन-तीन महिन्यांनी लाइन तुंबते, सळई मारली की मोकळी होते आणि आता प्लंबर कॅमेरा टाकू म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. टाका. एखाद्याच वेळी तुंबली असती तर गरज नव्हती. पण तीच लाइन पुन्हापुन्हा अडते, तेव्हा आत बहुधा काहीतरी कायमचं बिघडलेलं असतं आणि सळईला ते दिसत नाही.

आधी लाइन मोकळी करून घ्या, शक्यतो जेटिंगने, म्हणजे जोरदार दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने. भिंग मैल्यात बुडालं तर स्क्रीनवर नुसता तपकिरी रंग दिसतो, आणि चरबीचा थर असेल तर त्याखालची भेग लपते. कॅमेरा चेंबरमधून सोडायचा. कमोडच्या किंवा गली ट्रॅपच्या (सांडपाण्याच्या तोंडाशी वास अडवायला पाणी धरून ठेवणारा भाग) वळणातून त्याचं डोकं सहसा जात नाही. पाइपच्या तोंडाशी अंतराचा काउंटर शून्य करायला लावा. हे बरेच जण विसरतात, मग पुढचे सगळे आकडे चुकतात आणि खड्डा भलतीकडेच खणला जातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो साचलेल्या पाण्याबाबत. पाणी दिसलं की 'लाइन बसलीय', म्हणजे पाइप मध्येच खाली खचलाय, असं लगेच सांगितलं जातं. थांबा. घरातले नळ बंद करा, एक बादली पाणी सोडा, वाहणं पूर्ण थांबू द्या आणि मग बघा. पाइप असा खचून त्याला पोट आलं असेल तर पाणी हळूहळू खोल होतं, मध्ये सर्वात खोल असतं आणि पुढे पुन्हा उथळ होऊन संपतं. त्यापुढचा पाइप कोरडा दिसतो. पण पाणी खोल होत होत एखाद्या जागी अडलं असेल, तर लाइन बसलेली नसून पुढे काहीतरी अडकलंय. पहिल्या प्रकारात कितीही जेटिंग केलं तरी गाळ पुन्हा तिथेच बसणार. तेवढा तुकडा खणून, खाली नीट धुमस करून, उतार देऊन पुन्हा टाकावाच लागतो. १०० मिमीच्या पाइपला साधारण १:४० उतार, म्हणजे मीटरला २५ मिमी. दुसऱ्या प्रकारात खणायची गरज पडेलच असं नाही.

मुळ्या जवळजवळ नेहमी जॉइंटमधूनच शिरतात. जुन्या स्टोनवेअर (भाजलेल्या मातीच्या पाइपच्या) लाइनमध्ये तर हमखास. सुरुवातीला केसांच्या झुपक्यासारख्या दिसतात. कापल्या तरी जॉइंट उघडा आहे तोवर परत येतात. सरकलेला जॉइंट चंद्रकोरीसारखा दिसतो. ही कोर तळाशी असेल आणि कॅमेरा प्रवाहाच्या दिशेने जात असेल, तर पुढच्या पाइपची कड वर आलीय असं समजा. कागद तिथेच अडतो. उलट दिशेने कॅमेरा घातला तर ती पायरी नीट कळत नाही. भिंग वाइड अँगल असल्याने जवळची बारीक चीर मोठी वाटते, म्हणून एका फोटोवर भरवसा ठेवू नका. कॅमेरा मागेपुढे हलवून दाखवायला सांगा.

दोष सापडला की कॅमेरा तिथेच थांबवायचा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या डोक्यामागे ५१२ हर्ट्झचा ट्रान्समीटर असतो. वरून लोकेटर, म्हणजे त्याचा सिग्नल पकडणारं यंत्र, फिरवला की जागा आणि खोली दोन्ही मिळतात. जमिनीवर रंगाने खूण करून घ्या. नुसतं 'चेंबरपासून १२ मीटर' पुरत नाही, कारण लाइन सरळच गेली असेल याची खात्री नसते.

पैसे देण्याआधी पूर्ण रेकॉर्डिंग मागा, कापून जोडलेल्या क्लिप नकोत. त्यावर अंतराचा आकडा सतत दिसला पाहिजे. 'सगळीच लाइन बदला' असं कोणी म्हणालं, तर नेमक्या कुठल्या मीटरपासून कुठल्या मीटरपर्यंत खराब आहे ते त्याच रेकॉर्डिंगवर दाखवायला सांगा.