ड्राय वाइन ताटात डाव्या बाजूला वाढा

तुम्ही लिहिलंय की नाशिकला टेस्टिंगमध्ये आवडलेली काबर्ने-शिराझ या तांबड्या ड्राय वाइनची बाटली घरी आणली, रविवारी मटणाच्या झणझणीत रश्श्याबरोबर उघडली, तर तोंड तुरट झालं, घसा पेटला आणि बायको म्हणाली, काढा आणलाय का. मग ड्राय वाइन आपल्या जेवणाबरोबर जमतच नाही का, असा तुमचा प्रश्न आहे. जमते, आणि छान जमते. तुमची बाटली वाईट नव्हती, रस्साही वाईट नसणार. त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही, एवढंच.

आधी ‘ड्राय’चा घोळ मिटवू. ड्राय म्हणजे साखर उरलेली नाही, बस. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्टने खाऊन तिचं अल्कोहोल केलं आणि लिटरमागे साधारण ४ ग्रॅमच्या आतच साखर राहिली, की ती वाइन ड्राय. तोंड कोरडं पडतं ते टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरणाऱ्या तुरटपणामुळे. त्याचा साखरेशी संबंध नाही. घरीच करून बघा. एका पेल्यात बिनसाखरेचं लिंबूपाणी घ्या, दुसऱ्यात दहा मिनिटं उकळलेला कोरा चहा. लिंबूपाण्याने तोंडाला पाणी सुटेल, चहाने जीभ टाळ्याला चिकटेल. गोड दोन्हीही नाहीत. पांढरी ड्राय वाइन पहिल्या पेल्याच्या जातीची, तांबडी दुसऱ्या. तुम्ही रश्श्यावर दुसरा पेला प्यायलात.

आपल्यापैकी कित्येकांची वाइनशी पहिली ओळख गोव्याहून आणलेल्या पोर्ट वाइनने होते. ती गोडमिट्ट. त्यानंतर ड्राय हातात आली की कुणीतरी फसवल्यासारखं वाटतं. पेरूचा, अननसाचा वास येतो आणि घोट मात्र आंबट लागतो. वास फळाचा असला म्हणजे चव गोड असेलच असं नाही, हे जिभेला पटायला दोन-तीन बाटल्या जातात.

आता मुद्द्याचं. युरोपातला ‘मटणाला तांबडी, मासळीला पांढरी’ हा नियम आपल्या ताटाला पुरत नाही. तिथलं मांस बरेचदा मीठ-मिरपुडीवर भाजलेलं असतं, आपल्याकडे मटण आहे की कोंबडी यापेक्षा वाटण काय आहे हे महत्त्वाचं. मी वाइनला ताटाच्या डाव्या बाजूला बसवते, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबिरीच्या ओळीत. जिथे तुमचा हात आपोआप लिंबाच्या फोडीकडे जातो, तिथे ड्राय पांढरी डोळे मिटून चालते. रव्यात घोळवून तळलेली सुरमई घ्या. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला तेल जिभेवर बसायला लागतं. तेव्हा सोव्हिन्याँ ब्लाँ या ड्राय पांढरीचा एक गार घोट घ्या. तेल धुऊन निघतं आणि पुढचा तुकडा पुन्हा पहिल्यासारखा कुरकुरीत लागतो. लिंबू पिळायची गरज उरत नाही. पिळलंतच तर वाइन फिकी पडेल, म्हणून दोन्हींतलं एक काहीतरी ठेवा. ओले बोंबील, कोळंबी फ्राय, हिरव्या वाटणातलं गोव्याचं काफ्रेआल, सगळीकडे हेच. बांगड्याबरोबर तांबडी मात्र चुकूनही नको. वाइनमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात गंजका खिळा ठेवल्यासारखी चव येते.

तिखटाचं गणित वेगळं. मिरचीने जिभेला जी आग होते ती अल्कोहोलने आणखी भडकते, आणि टॅनिन त्यावर खरखर करतं. मी हे स्वतःच्या फजितीवरून शिकले. दिरांच्या वाढदिवसाला तांबड्या रश्श्याबरोबर चांगली महागाची, ओकच्या पिंपात मुरलेली तांबडी काढली होती. पहिला घोट घेऊन भाऊजी म्हणाले, “वहिनी, ही वाइन आहे की रश्श्याला वरून फोडणी?” पाच मिनिटांत सगळे ताकावर आले. तेव्हापासून तांबडा रस्सा आणि सावजी यांच्याबरोबर मी काहीच उघडत नाही. पांढऱ्या रश्श्याला मात्र व्हिऑन्ये ही ड्राय पांढरी वाइन लावून बघा. नारळाच्या दुधाच्या स्निग्धपणाशी तिचं छान जुळतं.

मग तांबडी कधी? जिथे भाजल्याची, धुराची चव आहे आणि मिरची बेताची आहे तिथे. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी यांच्याबरोबर हलकी शिराझ ही माझी सर्वांत आवडती जोडी आहे, कुठल्याही मटणापेक्षा. सुकं मटण, अख्खा मसूर हेही चालतं. टोमॅटोचा आंबटपणा असेल तर अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोव्हेजे ही तांबडी चांगली. ती द्राक्षाची जातच मुळात इटलीतली, टोमॅटोच्या घरातली.

एक गोष्ट कुणी सांगत नाही: गूळ. पुण्याकडची चिंच-गुळाची आमटी, गोडसर भरली वांगी, साखर घातलेली काकडीची कोशिंबीर. ताटात गोड असलं की ड्राय वाइन एकदम शिरक्यासारखी लागते. चूक वाइनची नसते, साध्या चहाबरोबर बर्फी खाल्ली की चहा अगोड लागतो तसंच हे. अशा जेवणाला शेनिन ब्लाँ ही किंचित गोडसर पांढरी घ्या. नाशिकच्या सुला वायनरीची शेनिन पूर्ण ड्राय नसते, म्हणून आपल्या गुळाच्या स्वयंपाकात ती खपते. श्रीखंड-पुरणपोळीपुढे मात्र कुठलीच ड्राय आणू नका.

बाटली घेताना दुकानदाराला ‘ड्राय आहे का’ एवढंच विचारू नका, तो हो म्हणतो. लेबलवर साखर लिहिलेली नसेल तर वायनरीत टेस्टिंगला गेल्यावर लिटरला किती ग्रॅम ते विचारून ठेवा, तिथली मुलं सांगतात. फेसाळ वाइनच्या बाबतीत तर शब्दच उलटे आहेत. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये १२ ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. आमच्याकडे परदेशातून आलेल्या पाहुण्यांनी हौसेने एक्स्ट्रा ड्राय आणली आणि सगळे म्हणाले, अगं ही तर सरबतासारखी. ब्रूट गार करून बटाटेवड्याबरोबर किंवा खमंग कोथिंबीरवडीबरोबर प्या आणि मग मला सांगा.

बाटलीवर छापलेलं तोडणीचं साल बघा. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. नाशकातली साधी पांढरी ताजी असतानाच चांगली, दीड-दोन वर्षांहून जुनी मी घेत नाही. आणि काचेच्या कपाटात, उन्हाच्या तिरपीत उभी ठेवलेली बाटली फुकट दिली तरी नको. (नाशकात वाइनची हवा झाली ती अलीकडची. ‘सुला’च्या राजीव सामंत यांनी १९९७ साली सोव्हिन्याँ आणि शेनिन ही वाइनची द्राक्षं तिथे लावली, त्याआधी जिकडे तिकडे खायची थॉमसन द्राक्षं.)

तापमानाने तर तुमचा निम्मा घोटाळा केला असणार. तांबडी ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपली मे महिन्यातली ३५ अंशांची नव्हे. कोमट तांबडीत अल्कोहोल नाकात जातं आणि तुरटपणा बोथट होण्याऐवजी सुटा सुटा लागतो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग ओता. पांढरी ८ ते १० अंशांना, म्हणजे फ्रीजमधून काढल्यावर दहा मिनिटांनी. बर्फाचे खडे टाकण्याला माझा आक्षेप नाही, फक्त महागाच्या बाटलीत टाकू नका.

तुमच्या उरलेल्या अर्ध्या बाटलीला बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली असेल तर तीन-चार दिवस ती ठीक राहते. आता वास घेऊन बघा. शिरका झाली नसेल तर पुढच्या रविवारी कांदा-खोबऱ्याचं वाटण परतताना अर्धी वाटी त्यात घाला, आटू द्या, मग मटण टाका. आणि त्या दिवशी प्यायला ताक ठेवा.